हाफकिनवरचा आळ आणि शास्त्रज्ञांचे एकमत

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव सर्पदंशावरच्या इंजेक्शनामुळे आणि पोलिओच्या डोसामुळे खेड्यापाड्यात पोहोचले आहे. परंतु हाफकिन हा माणूस कोण, त्याच्यावर कोणता आळ आला आणि तो कसा उतरला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. करोना कुठून आला या प्रश्नावर आमच्या भिंगारच्या चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत जो तो निकाल देऊन मोकळा होतो आणि वर शास्त्रज्ञांचे यावर एकमत आहे, असे ठोकून देतो. म्हणून आज हाफकिन यांच्याविषयी.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. चौदाव्या शतकात युरोपात प्लेग आला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवले अशी आवई उठवून त्यांच्या वस्त्या जाळल्या गेल्या होत्या. पाण्यावरून माणसाला माणसातून उठवण्याची ही रीत चवदार तळ्याच्या वारसांना समजावून सांगायची गरज नाही. १८८१ मध्ये ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा विद्यार्थी हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि पकडले गेले. गुरू मेच्निकॉव्ह यांच्या रदबदलीने सुटले. पुढे विद्यापीठात बढती हवी तर ख्रिस्ती व्हा, अशी अट पुढे आली. हाफकिन यांनी ती धुडकावली. धर्मांतर स्वतःच्या निर्णयाने केले तर ती मुक्ती असते, आणि नोकरीच्या मोबदल्यात करावे लागले तर ती लाचारी असते. १९५६ ची दीक्षा ज्यांनी समजून घेतली, त्यांना हा फरक कळेल.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम ग्रंथालयातले काम मिळाले. तिथेच १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांतून फिरले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर सरकारने त्यांना इकडे बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात जेमतेम तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पुन्हा स्वतःच्याच अंगावर पारखली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना ती दिली गेली. कैदी राजीखुशीने पुढे आले अशी नोंद आहे. वकील म्हणून मला तुरुंगातल्या राजीखुशीचा भरवसा वाटत नाही, पण तो वेगळा विषय. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीमाई प्लेगने गेल्या. आमच्या नगरमध्ये अध्यापनाचे धडे घेतलेल्या या माऊलीने मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता.

प्लेग नेमका येतो कुठून, हे तेव्हा सरकारलाही माहीत नव्हते. घाण, कोंदट खोल्या आणि गरिबांच्या वस्त्या यांवर खापर फोडून घरे रिकामी केली जात, अंथरुणे जाळली जात. १८९८ मध्ये सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले. त्याला कुणी दाद दिली नाही. १९०५ पासून परळला पिंजऱ्यांचे प्रयोग झाले: पिसवा असतील तर एका प्राण्याचा प्लेग दुसऱ्याला होई, पिसवा दूर ठेवल्या तर प्राणी शेजारी राहूनही होत नसे. तेव्हा कुठे शास्त्रज्ञांचे मत बदलले. सिमों पहिल्या दिवशीही बरोबरच होता. पण एकट्याचे बरोबर असणे म्हणजे एकमत नव्हे.

दरम्यान हाफकिन यांच्यावर संकट कोसळले होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. धनुर्वाताचे जंतू बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत शिरले, असा त्याने निष्कर्ष काढला. हाफकिन यांचे पद गेले. सरकारने नेमलेला आयोग, वर मुख्य न्यायमूर्ती. सामान्य माणसाच्या लेखी प्रश्न मिटला.

पण शास्त्र अध्यक्षाचा हुद्दा पाहत नाही. कागद उघड झाल्यावर शास्त्रज्ञांनी पुरावा तपासला. दगावलेले सारे एकाच बाटलीचे होते. बाटली उघडताना तिला दुर्गंधी नव्हती. जंतू आत कित्येक दिवस वाढत असते तर ती आली असती. रोगाची लक्षणे आठवडाभराने दिसली, म्हणजे टोचताना आत गेलेले विष थोडे होते. आणि गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळून न घेता नुसता औषधात बुचकळून वापरला गेला. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी पत्र लिहून हा आळ टिकत नसल्याचे जाहीर केले. ते दहा जण होते याला फारसे महत्त्व नाही. ज्याला त्याला तपासता येतील अशा कागदांवरून ते एकाच ठिकाणी पोहोचले, याला आहे.

करोनाचे तसे झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने जून २०२५ च्या अहवालात म्हटले की उपलब्ध पुराव्यांचा कल प्राण्यांतून माणसात संसर्ग आल्याकडे आहे. परंतु चीनने मागितलेली माहिती दिली नसल्याने प्रयोगशाळेची शक्यता खोडून काढता येत नाही. हा कल आहे, अंतिम निकाल नव्हे. तो खरा ठरेल किंवा उद्याच्या कागदाने फिरेलही. पण २०२० मध्ये आपल्याकडे कुणाला थांबायला वेळ होता? साथीचे खापर तबलिगींवर फुटले, नगर जिल्ह्यात परदेशी पाहुण्यांवर गुन्हे नोंदले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे ते गुन्हे रद्द केले. तोवर बदनामी करणारे पुढच्या विषयाकडे वळले होते.

हाफकिन यांना सरकारने पुन्हा नोकरी दिली, पण कलकत्त्यात, आणि लस तयार करण्याचे काम दिले नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचा मृत्यू झाला. त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. धनुर्वात जिथून बाहेर पडला असा ठपका आयोगाने ठेवला होता, तीच ही प्रयोगशाळा.