मलिक अंबर : रोज बदलणाऱ्या काळात निर्णय घेणारा वजीर

खुलदाबादला जियारतीसाठी आपण अनेकदा जातो. तिथेच मलिक अंबर यांची कबर आहे. पण आपल्या घरातल्या मुलांना विचारले तर हा माणूस कोण होता, हे फारसे सांगता येत नाही.

अंबर यांचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच गुलाम म्हणून ते विकले गेले. बगदादमार्गे दख्खनमध्ये आले तेव्हा निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्यांना विकत घेतले. तो स्वतःही हबशीच होता. राज्यकारभार कसा चालतो, हे अंबर त्याच्याकडे शिकले. मालक वारला, त्याच्या विधवेने त्यांना आझाद केले. पुढे विजापूरच्या चाकरीत त्यांना मलिक हा किताब मिळाला.

१६०० साली चांदबिबीची हत्या झाली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. सुलतान कैदेत होता. निजामशाही संपली, असेच सगळ्यांना वाटले. अंबर यांनी मात्र घराण्यातल्या मुर्तजाला परांड्यात तख्तावर बसवले. राजधानी गेली म्हणून राज्य गेले, असे त्यांनी मानले नाही. पुढे परांड्याहून जुन्नर, जुन्नरहून दौलताबाद अशी राजधानी हलत राहिली. १६१० मध्ये त्यांनी खडकी हे शहर वसवले. तेच आजचे औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर.

मोगलांची फौज मोठी, तोफखाना भारी. समोरासमोर लढण्यात शहाणपण नव्हते. म्हणून त्यांनी हलक्या मराठा घोडदळावर भर दिला. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि निघून जायचे, ही बारगीर लढाई त्यांनी जमवून आणली.

दरवेळी जिंकलेच, असे नाही. १६१६ मध्ये सरदार फुटले, पराभव झाला, खडकी जाळली गेली. १६१७ ला शहजादा खुर्रम चालून आला तेव्हा त्यांनी अहमदनगरचा किल्ला परत देऊन तह केला. त्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. तीन वर्षांनी संधी दिसताच ते पुन्हा उठले. खडकीही पुन्हा उभी केली.

१६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एक होऊन आल्या. अंबर यांनी अहमदनगरजवळच्या भातवडी तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत चिखल झाला, आणि थोड्या फौजेने मोठी लढाई जिंकली. शहाजीराजे या लढाईत त्यांच्या बाजूने होते.

पण सगळेच धावपळीत चालले नव्हते. लढाया सुरू असतानाच त्यांनी जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला आणि मक्त्याने वसुली करण्याची पद्धत बंद केली. शेतकऱ्याला पुढच्या वर्षी किती द्यायचे याचा अंदाज आला. शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी याच काळातली. डावपेच रोज बदलले तरी रयतेचा सारा आणि पाणी यांत त्यांनी स्थिरता ठेवली.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांचा इंतेकाल झाला. मुलगा फत्तेखान वजीर झाला, पण सुलतानाशी बिनसले. कैद, सूड, खून असे घडत गेले आणि १६३३ मध्ये त्यानेच दौलताबाद मोगलांना दिले. तीन वर्षांत निजामशाही संपली.

आम्हाला इथेच थांबून विचार करावासा वाटतो. पाव शतक एका माणसाच्या अकलेवर राज्य तगले, पण त्याच्यामागे मिळून ठरवणारी फळी तयार झाली नव्हती. आपल्या जमाती, मदरसे, शाळा, पतसंस्था बघा. कितीतरी ठिकाणी एकच जबाबदार माणूस सगळे ठरवतो. तो आहे तोवर बरे चालते. त्याच्यानंतर कोण, हे मशविरा करून आजच ठरवले पाहिजे. घरातही तसेच आहे. मुलांना निर्णयात बसवले नाही, तर ती ते शिकणार कधी?

पुढच्या वेळी खुलदाबादला गेलात, तर मुलांना मलिक अंबर यांच्या कबरीवरही न्या. फातिहा पढा, आणि हा सगळा किस्सा त्यांना सांगा.