विश्लेषण : गॅरेजमधला ‘मायको’ प्लग आला कुठून? कोण होते रॉबर्ट बॉश?

लातूरच्या आडत बाजारातून सोयाबीनची पोती भरायची, चाकूर, अहमदपूर, लोहा मागे टाकत नांदेड गाठायचे आणि परतताना अर्धापूरची केळी किंवा मिळेल तो माल घ्यायचा. अशा फेऱ्या मारून दोन-अडीच लाख किलोमीटर झालेली पिकअप एके दिवशी चढावर दम टाकू लागते. सकाळी सेल्फ लांबतो, इंजिन ‘मिस’ मारते, रिकामी गाडी खड्ड्यानंतर तीन-तीन उड्या मारते. मिस्त्री बोनेट उघडतो आणि सांगतो, प्लग गेलेत, शॉकअप बसलेत. मग दुकानात मुलगा पाठवला जातो तो ‘मायको’चा प्लग आणायला. कंपनीचे हे नाव बदलून आता बरीच वर्षे झाली, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी ते अजून आहे. या नावामागचा माणूस जर्मनीचा. नाव रॉबर्ट बॉश.

रॉबर्ट बॉश यांचे सुरुवातीचे आयुष्य कसे होते?

जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात २३ सप्टेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. वडील सर्वेटियस हे शेतकरी, शिवाय रस्त्यावरच्या खानावळीचे मालक. घर खाऊन-पिऊन सुखी होते आणि घरात वाचनाची आवड होती. १८६९ मध्ये वडिलांनी खानावळ विकली आणि कुटुंब उल्ममध्ये आले.

शाळेत रॉबर्ट यांचा फारसा जीव रमला नाही. त्यांना सूक्ष्म यंत्रे बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. मालकाचे शिकाऊ पोरांकडे लक्ष नसे. ही तीन वर्षे वाया गेल्याची खंत बॉश यांना आयुष्यभर राहिली. पुढे स्वतःच्या कारखान्यात त्यांनी शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणाची वेगळी व्यवस्था उभी केली, त्याचे मूळ इथे आहे.

नंतरची काही वर्षे ते गावोगावी नोकऱ्या करत फिरले. स्टुटगार्टच्या तंत्रशाळेत थोडा काळ बसून विजेचे शास्त्र समजून घेतले. १८८४ मध्ये अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांच्या कारखान्यातही त्यांनी काम केले. तिथल्या कामगार चळवळीशीही त्यांचा संबंध आला. परतीच्या वाटेवर इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे काही महिने काढून ते मायदेशी आले.

त्यांचे पहिले वर्कशॉप चालले का?

लगेच चालले नाही. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमध्ये एका घराच्या मागच्या बाजूला त्यांनी वर्कशॉप उघडले. भांडवल १० हजार मार्क, तेही वारशातून आलेले. हाताखाली एक कारागीर आणि एक सांगकाम्या पोरगा. टेलिफोन बसवणे, घंटा दुरुस्त करणे, जे येईल ते काम घ्यायचे. आपल्याकडचा नवा गॅरेजवाला पंक्चरपासून वायरिंगपर्यंत सगळे करतो, तसेच. ग्राहकांकडे जायला त्यांनी १८९० मध्ये सायकल घेतली, ती त्या काळात चैनीचीच वस्तू होती.

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला काम इतके आटले की वीस-पंचवीस माणसांतली मोजकीच ठेवता आली. कर्ज काढून दिवस ढकलावे लागले. धंदा पहिल्या दिवसापासून धावत होता, असे मोठ्या माणसांच्या चरित्रात वाचायची सवय असते. इथे पहिली दहा वर्षे ओढाताणीतच गेली.

मग स्पार्क प्लगचा संबंध कुठे आला?

१८८७ मध्ये एका ग्राहकाने एका जागी बसवलेल्या पेट्रोल इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या फिरण्यातून वीज तयार करून ठिणगी पाडणारे यंत्र. त्याला बॅटरी लागत नाही. डॉइट्झ कंपनीचे असे एक यंत्र आधीपासून होते आणि त्यावर पेटंट नव्हते. बॉश यांनी ते पाहून स्वतःचे, अधिक चांगले यंत्र बनवले. म्हणजे मॅग्नेटो हा त्यांचा शोध नव्हे.

मोटारींची अडचण तेव्हा ठिणगीचीच होती. काही गाड्यांत बर्नरने तापवलेल्या नळीने इंधन पेटवत. त्यात आगीची भीती. काहींत बॅटरी असे, ती वाटेत उतरे. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी द दियों-बुतों या फ्रेंच कंपनीची तीनचाकी बॉश यांच्याकडे पाठवली. तिचे इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेई आणि त्या वेगाला जुना मॅग्नेटो पुरत नव्हता. बॉश यांचे फोरमन आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी तोडगा काढला. जड आर्मेचर हलवण्याऐवजी त्याभोवतीची हलकी बाही हलवायची. यंत्राने वेग पकडला.

तरीही एक दुखणे उरले होते. या मॅग्नेटोची ठिणगी सिलिंडरच्या आत दोन संपर्क यांत्रिकरीत्या तोडून पडे. त्यासाठी दांडे आणि सांधे लागत, ते झिजत, अडकत. बॉश यांनी हे काम गोटलोब होनोल्ड यांच्यावर सोपवले. होनोल्ड हे आल्बेकच्या शेजारच्या लांगेनाऊचे. पूर्वी याच वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून शिक्षणासाठी गेलेले आणि १९०१ मध्ये परत आलेले. त्यांनी आर्मेचरवर दोन वेटोळी गुंडाळून हजारो व्होल्टचा दाब निर्माण केला. त्यामुळे आत काहीही न हलता, प्लगच्या दोन स्थिर टोकांमध्ये ठिणगी उडी मारू लागली. ७ जानेवारी १९०२ रोजी त्याचे पेटंट नोंदले गेले.

स्पार्क प्लगसारखी वस्तू त्याआधीही होती. १८६० मध्ये लेन्वार यांनी आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. बॉश आणि होनोल्ड यांचे श्रेय वेगळे आहे. प्लग आणि त्याला वीज देणारा मॅग्नेटो यांची जोडी त्यांनी रस्त्यावर भरवशाने चालेल अशी करून दाखवली.

हा प्लग झिजतो तरी कसा?

प्लगची मूळ रचना आजही तीच आहे. मधोमध एक टोक, भोवती चिनी मातीसारखे विद्युतरोधक आवरण, बाहेर लोखंडी आटे आणि वरून वाकवलेले दुसरे टोक. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक प्लग मिनिटाला हजार ठिणग्या टाकतो. सरासरी ४० किलोमीटर वेगाने २० हजार किलोमीटर जायला ५०० तास लागतात. म्हणजे तेवढ्यात एका प्लगच्या सुमारे तीन कोटी ठिणग्या झाल्या. प्रत्येक ठिणगी टोकाचा कण खाते, फट वाढते, ती ओलांडायला जास्त दाब लागतो आणि त्याचा भार कॉइलवर पडतो. सीएनजीवर ठिणगीला मुळातच जास्त दाब लागतो, म्हणून फट वाढल्याचा त्रास तिथे लवकर जाणवतो.

काढलेला प्लग फेकण्याआधी पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. तेलकट काळा असेल तर ऑइल वर येते आहे. तिथे नवा प्लगही महिन्याभरात तसाच होईल, खर्च रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलवर करावा लागेल. पांढराफटक, फोड आलेला प्लग म्हणजे इंजिन जास्त तापते आहे.

आठ तासांचा दिवस आणि संप, हे काय प्रकरण होते?

१९०१ मध्ये बॉश यांच्याकडे ४५ माणसे होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती काही हजारांवर गेली. १९०६ मध्ये त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. जर्मनीत हा कायदा व्हायला अजून बारा वर्षे होती. यात निव्वळ परोपकार नव्हता. आठ तासांच्या दोन पाळ्यांत महागडी यंत्रे जास्त चालतात, हा हिशोबही होता. पगारही इतरांपेक्षा चांगला. इतर कारखानदार त्यांना ‘लाल बॉश’ म्हणून हिणवत.

१९१३ मध्ये याच कारखान्यात संप झाला. कामाचा वेग आणि कामगार संघटनेचे अधिकार यावरून वाद पेटला आणि बॉश यांनी टाळेबंदी केली. हा घाव त्यांना लागला. आजवर दूर ठेवलेल्या मालकांच्या संघटनेत ते सामील झाले. चांगला पगार दिला म्हणजे संघटनेची गरज संपते, असा समज आजही अनेक मालकांचा असतो. बॉशही त्याला अपवाद नव्हते.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा कंपनीची ८८ टक्के विक्री जर्मनीबाहेर होती. ती एका फटक्यात गेली. अमेरिकेतील कारखाना तिथल्या सरकारने जप्त केला. युद्धसामग्रीतून आलेला नफा जवळ ठेवायचा नाही म्हणून बॉश यांनी मोठ्या रकमा दान केल्या, त्यात नेकार नदीच्या कालव्याचाही समावेश होता. १९२१ मध्ये दीर्घ आजाराने त्यांचा मुलगा रॉबर्ट गेला. कारखान्याचा वारस म्हणून त्याच्याकडे पाहिले जात होते.

बहुतेक पिकअप डिझेलच्या. त्यांना स्पार्क प्लग कुठे असतो?

नसतोच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे डिझेल पिकअपवाल्याला कुणी स्पार्क प्लग बदलायला सांगितले, तर त्याने चावी परत घ्यावी. तिथे असतो तो हीटर प्लग, थंडीत इंजिन सुरू करायला.

पण डिझेलमध्येही बॉश आहेतच. १९२२ पासून त्यांनी डिझेल पंपावर काम सुरू करवले आणि १९२७ मध्ये इंधन फवारणारा पंप नियमित उत्पादनात आला. त्यानंतर डिझेल इंजिन ट्रकमध्ये रुळले. १९२१ मध्येच हॅम्बुर्गला पहिले बॉश सर्व्हिस केंद्र उघडले होते. वस्तू विकून थांबायचे नाही, ती दुरुस्त करणारा माणूसही तयार करायचा, हे त्यामागचे धोरण.

हिटलरच्या काळात बॉश कुठे उभे होते?

चरित्रातला हा सर्वांत अवघड भाग. बॉश लोकशाहीवादी होते, फ्रान्सशी सलोखा व्हावा असे त्यांना वाटे. नाझी राजवट त्यांना मान्य नव्हती. १९३७ मध्ये त्यांनी हिटलरविरोधी कार्ल गोर्डेलर यांना सल्लागार म्हणून ठेवले. गोर्डेलर यांना पुढे १९४५ मध्ये फाशी झाली. छळ होणाऱ्या ज्यूंना कंपनीतून मदत मिळाली.

त्याच वेळी हीच कंपनी नाझींच्या सैन्याला सामान पुरवत होती आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यांत हजारो वेठबिगार राबवले गेले. एक बाजू सांगून दुसरी झाकता येत नाही. १२ मार्च १९४२ रोजी बॉश यांचे निधन झाले आणि ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांची शासकीय इतमामात अंत्ययात्रा काढली.

दोन वर्षे आधी, १९४० मध्ये, त्यांनी स्टुटगार्टमध्ये रुग्णालय उभारले होते. होमिओपॅथीवर त्यांचा विश्वास होता आणि रुग्णालयाची उभारणी त्याच विचाराने झाली. आज कंपनीचे ९० टक्क्यांहून अधिक भागभांडवल त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहे.

‘मायको’ हे नाव कुठून आले?

१९२२ मध्ये कोलकात्यात बॉशच्या मालाची एजन्सी सुरू झाली. १९५१ मध्ये, म्हणजे बॉश यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, बेंगळूरुमध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मायको’. स्पार्क प्लग आणि डिझेल पंपाचे भाग तिथे बनू लागले. पुढे नाशिकच्या सातपूरमध्ये डिझेलच्या नोझलचा कारखाना आला. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, पण नाशिककरांचे मायको सर्कल आणि मराठवाड्यातल्या मिस्त्रीचा मायको प्लग तसेच राहिले.

जुन्या गाडीचा प्लग आणि शॉकअप बदलताना काय पाहावे?

प्लग गाडीच्या पुस्तिकेतल्या क्रमांकाचाच घ्यावा. नुसते आटे जुळले म्हणजे झाले, असे नाही. प्रत्येक प्लगचा उष्णता सोसण्याचा आकडा असतो. त्यात गंमत अशी की बॉशच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग अधिक गरम, तर एनजीकेच्या प्लगवर नेमके उलट. कंपनी बदलताना दुकानदाराने आकड्याला आकडा जुळवून दिला, तर चूक होते. इंजिन थंड झाल्यावर, भोवतीची धूळ हवेने उडवून मगच प्लग काढावा. नवा आधी हाताने फिरवावा, मग पाना लावावा. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की काही शे रुपयांचे काम काही हजारांवर जाते. सगळे प्लग एकदम बदलावेत.

शॉकअपचा बॉश यांच्याशी संबंध नाही, पण दोन्ही दुखणी एकाच वयात येतात. वजन पेलतात ते पाटे. शॉकअपचे काम पाट्यांची उडी आतल्या तेलातून जिरवण्याचे. नळीवर तेल ओघळलेले दिसले, टायर लाटांसारखा खड्ड्या-खड्ड्यांनी झिजला, किंवा ब्रेक मारताच गाडी नाक खुपसू लागली, तर शॉकअप गेला. बदलताना एका ॲक्सलचे दोन्ही बदलावेत, सोबत बुशही. एकच बदलला तर गाडी एका अंगाने वेगळी वागते. नवे शॉकअप टाकल्यावर जास्त माल भरता येतो, हा समज मात्र खोटा आहे. गाडीची मर्यादा आरसी बुकात लिहिलेली असते आणि दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरले, तर नवा शॉकअपही पहिल्याच हंगामात तेल सोडतो.