कार्ल श्वार्ट्झशिल्ड

कृष्णविवराचें नांव आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकलें आहे. परंतु त्याची सीमा प्रथम ज्यांच्या गणितांत प्रकट झाली, त्यांचा परिचय थोड्यांनाच असतो. म्हणून त्यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

कार्ल श्वार्ट्झशिल्ड यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७३ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. एकमेकांभोंवतीं फिरणाऱ्या जोडताऱ्यांच्या कक्षांवरील त्यांचे निबंध छापले गेले, तेव्हां ते १६ वर्षांचे, म्हणजे आमच्या दहावींतील मुलांएवढे होते. पुढें गॉटिंगेन व १९०९ पासून पॉट्सडॅम येथील वेधशाळांचे ते संचालक झाले.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. चाळिशी उलटलेला हा विद्वान घरीं राहिला असता तर त्यास कोणीं दोष दिला नसता. तरी ते आपण होऊन सैन्यांत गेले. बेल्जममध्यें हवामानाच्या नोंदी, फ्रान्समध्यें तोफगोळ्यांच्या मार्गांचें गणित, अशीं कामें त्यांनीं केलीं. नोव्हेंबर १९१५ मध्यें आइन्स्टाइन यांनीं गुरुत्वाकर्षणाचीं नवीं समीकरणें मांडलीं. खुद्द आइन्स्टाइन यांनीं बुधाच्या कक्षेसाठीं अंदाजी उत्तरावर भागविलें होतें. श्वार्ट्झशिल्ड यांनीं युद्धाच्या धामधुमींत एका गोल ताऱ्याभोंवतालच्या अवकाशाचें तंतोतंत उत्तर काढलें आणि २२ डिसेंबर रोजीं पत्रानें कळविलें. गणिताच्या तासाला घड्याळाकडे पाहणाऱ्या आमच्या मित्रांनीं हें जरूर ध्यानांत आणावें!

त्या उत्तरांत एक विलक्षण अंतर दडलें होतें. सूर्य ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यांत दाबला, तर त्यांतून प्रकाशही बाहेर पडणार नाहीं. पृथ्वीची त्रिज्या तर ९ मिलिमीटर करावी लागेल. म्हणजे ती बोराएवढी होईल. खरा तारा इतका लहान होईल असें श्वार्ट्झशिल्ड यांस वाटलें नाहीं.

सैन्यांत असतांनाच अंगभर फोड उठणारा एक दुर्धर त्वचारोग त्यांस जडला. मार्च १९१६ मध्यें त्यांना परत पाठविण्यांत आलें व ११ मे रोजीं, वयाच्या ४२ व्या वर्षीं, ते पॉट्सडॅम येथें निवर्तले. मागें पत्नी व तीन मुलें राहिलीं. त्यांतील मार्टिन तेव्हां चार वर्षांचाही नव्हता. पुढें तोही नामांकित खगोलवेत्ता झाला.

कृष्णविवर सर्व कांहीं गिळतें, परत कांहींच देत नाहीं, असा समज दीर्घकाळ होता. १९७४ सालीं केंब्रिज येथील स्टीफन हॉकिंग यांनीं तो हलविला. क्वांटम शास्त्राप्रमाणें निर्वात पोकळीही अगदीं स्तब्ध नसते. तिच्यांत सूक्ष्म कंप चालूच असतात. सीमेजवळच्या तीव्र गुरुत्वाकर्षणामुळें त्या कंपांतून मंद किरण उत्पन्न होऊन दूर निघून जातात, आणि त्यांची ऊर्जा विवराच्या वस्तुमानांतून वजा होते. कणांची जोडी उत्पन्न होऊन एक आंत पडतो व दुसरा निसटतो, असें चित्र पुष्कळदां काढतात. आमच्या मतें तें समजुतीपुरतेंच घ्यावें. आंतील वस्तु सीमा फोडून बाहेर येते असें मात्र मुळींच नव्हे.

हे किरण अद्याप कोणासही टिपतां आलेले नाहींत. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या विवराचें तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या कोट्यंशाहूनही कमी भरतें, आणि भोंवतालचें आकाशच २.७ अंशांचें, तेव्हां असें विवर देतें त्याहून घेतें अधिक. विवर जसजसें लहान, तसतसें तें तप्त: त्रिज्या निम्मी झाली कीं तापमान दुप्पट. त्या त्रिज्येस शास्त्रज्ञ श्वार्ट्झशिल्ड त्रिज्या म्हणतात.