सावित्रीमाई आधी शिकवायचे शिकल्या

दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या वस्त्यावस्त्यांतून सावित्रीमाईंची जयंती होते. अंगावर पडलेले शेण, दगड, पिशवीतले दुसरे लुगडे ही कथा आता पहिलीतल्या मुलीलाही तोंडपाठ आहे. ती सांगितलीच पाहिजे. पण ती सांगून आपण थांबतो आणि माईंच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट राहून जाते. जालना जिल्ह्यातल्या एका गावात जयंतीला बोलताना मी विचारले, सावित्रीमाई शिक्षिका कशा झाल्या? मंडपातल्या गुरुजींसकट सर्वांचे उत्तर एकच आले, जोतीरावांनी शिकवले म्हणून. उत्तर निम्मे बरोबर आहे. जोतीरावांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले. वर्गात उभे राहून शिकवायचे कसे, हे मात्र माईंनी रीतसर प्रशिक्षण घेऊन शिकून घेतले.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी १८३१ साली त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये लग्न झाले. अक्षरओळख सासरी झाली. पुढच्या अभ्यासाला जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी मदत केली. ही मंडळी जन्माने ब्राह्मण होती, हे लपवण्याचे आपल्याला कारण नाही. आपला झगडा ब्राह्मण्याशी आहे.

त्या काळी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरारबाई मुलींच्या शाळा चालवीत. १८२७ साली सातासमुद्रापलीकडून एकटी आलेली ही अविवाहित बाई. १८३९ पासून तिने नगरला जे ठाण मांडले ते १८६२ साली मरेपर्यंत. तिची शाळा पाहूनच जोतीरावांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार पक्का झाला. माईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला या फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. नॉर्मल स्कूल म्हणजे आपल्या भाषेत डी.एड. विद्यालय. ज्या काळात उंबरठा ओलांडणे हाच बाईचा गुन्हा होता, त्या काळात एक माळ्याची सून शिकवण्याची विद्या शिकायला जाते! मला तर शेणाच्या गोळ्यांपेक्षा या गोष्टीचे नवल अधिक वाटते.

तेव्हाची शाळा म्हणजे पंतोजीची शाळा. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे घोकायचे, चुकले की छडी. आणि आपली मुले असलीच तर ओट्याखाली, लांब. १८४८ साली भिडेवाड्यात जी शाळा सुरू झाली ती या पंतोजीच्या शाळेला उत्तर होती. १८५१ मध्ये चिपळूणकर वाड्यात आणि रास्ता पेठेत, १८५२ मध्ये वेताळ पेठेत शाळा निघाल्या. मुलींना वाचन, व्याकरण, अंकगणित, इतिहास शिकवला जाई, नकाशे दाखवून भूगोल शिकवला जाई. परीक्षा उघड्यावर, लोकांसमोर होत. मुलीला काय येते ते साऱ्या पुण्याने बघावे, ही हिंमत स्वतःच्या शिकवण्यावर भरवसा असणाऱ्यालाच होते.

प्रशिक्षणाचा पुरावा कागदावर शोधू नका, विद्यार्थिनीत शोधा. मुक्ता साळवे ही या शाळेतली मातंग समाजाची मुलगी. १८५५ साली तिचा निबंध ज्ञानोदयात छापून आला. महार-मांगांच्या दुःखाचा जाब तिने थेट धर्माला आणि पेशवाईला विचारला. घोकंपट्टीच्या शाळेतून असा निबंध येत नाही. ज्या वर्गात मुलाला प्रश्न विचारू दिला जातो, तिथूनच तो येतो. आज ज्याला कृतीयुक्त, बालकेंद्री अध्यापन म्हणून आपल्या शिक्षकांसमोर पडद्यावर दाखवले जाते, ते पुण्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी होत होते.

माईंनी हे काम एकटीने ओढले नाही. १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या आजारपणात फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भरवसा त्या व्यक्त करतात. शाळा चालते ती अशा जोडीदार शिक्षिकेवर.

पुढचे आयुष्य वाचकांना ठाऊक आहे. १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ चा सत्यशोधक समाज, १८९० मध्ये जोतीरावांचे जाणे, १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या यशवंताच्या दवाखान्यात आल्या. पोरगा वाचला. माई १० मार्चला गेल्या.

पण १८८२ साल सोडून पुढे जाता येत नाही. त्या वर्षी जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. आम्ही त्यातला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा मुद्दा नेहमी सांगतो. त्यात शिक्षकांविषयीही सविस्तर मागण्या आहेत. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, नांगराला हात लावायला न लाजणाऱ्या समाजातून तो यावा, त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, तपासनिसाने वर्षातून एकदा नव्हे तर तिमाहीला आणि न कळवता यावे. बायको प्रशिक्षित शिक्षिका असलेल्या आणि तिच्यासह वर्षानुवर्षे शाळा चालवलेल्या माणसाच्या या मागण्या होत्या.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. मंठा, परतूर, घनसावंगीकडची ऊसतोड कामगारांची मुले, आपल्या वस्तीची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. ऐपत असलेला केव्हाच इंग्रजी शाळेकडे गेला. म्हणजे जिल्हा परिषदेचा शिक्षक तयारीचा नसेल तर नुकसान कुणाचे, हे वेगळे सांगायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण आहे. त्यातले काही तास कसे भरतात, हे मला एका गुरुजींनी प्रांजळपणे सांगितले. मोबाईलवर चित्रफीत लावून ठेवायची, शेजारी मतदारयाद्यांचे काम करायचे. दोष एकट्या गुरुजींचा मी मानत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामे ठेवली, पण त्या दारातून कामांची रांग आत येते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले. वकील म्हणून मला निकालाचे तर्कशास्त्र समजते. पण परीक्षा घेतल्याने शिकवता येत नाही. नगरला फरारबाईंनी माईंना वर्ग चालवायला शिकवले होते.

त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. आपल्या माताभगिनी तिथे सही करून परत येतात. जयंती मंडळांनी यावर्षी एक करावे. मिरवणुकीच्या वर्गणीतले दहा रुपये बाजूला काढून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. आमच्या शाळेच्या शिक्षकांना गेल्या वर्षात कोणते प्रशिक्षण दिले, ते किती दिवस चालले आणि त्याच वर्षात त्यांचे किती दिवस शाळेबाहेरच्या कामात गेले, एवढेच विचारावे. उत्तर आले की ते समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचावे, आणि त्या दिवशी आयांनी बैठकीला हजर राहावे.