विश्लेषण : छत्रपती संभाजी महाराजांचा अंत नेमका कसा झाला? कातडी सोलल्याच्या वर्णनांमागे कोणती साधने?

फाल्गुन महिना सुरू झाला की पुणे जिल्ह्यातील तुळापूर आणि वढू बुद्रुक येथे अभिवादनासाठी येणाऱ्यांची संख्या वाढू लागते. फाल्गुन अमावास्येला छत्रपती संभाजी महाराजांची पुण्यतिथी असते. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवरील ‘छावा’ हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला आणि महाराजांच्या छळाची दृश्ये घरोघरी चर्चेत आली. चित्रे, पोवाडे, नाटके आणि व्याख्याने यांतून हा प्रसंग पिढ्यानपिढ्या सांगितला गेला आहे. त्यात डोळे काढणे, जीभ छाटणे आणि कातडी सोलणे असा क्रम असतो. यातले समकालीन साधनांत काय आहे, नंतर काय आले, आणि या शेवटाच्या आधी ३१ वर्षांचे कोणते आयुष्य होते?

संभाजी महाराजांचे बालपण कसे गेले?

महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. ते दोन वर्षांचे असताना, सप्टेंबर १६५९ मध्ये आई सईबाई यांचे निधन झाले. पुढे आजी जिजाबाईंनी त्यांना वाढवले. राजकारणाशी त्यांचा संबंध फार लवकर आला. जून १६६५ मधील पुरंदरच्या तहानुसार मोगलांची पाच हजारी मनसब या आठ वर्षांच्या मुलाच्या नावे देण्यात आली. पुढच्याच वर्षी ते वडिलांसोबत आग्र्याला गेले. तिथून निसटल्यावर शिवाजी महाराजांनी त्यांना मथुरेत विश्वासू लोकांकडे ठेवले आणि ते काही काळाने स्वराज्यात परतले. शत्रूच्या दरबारात नजरकैद आणि मग आई-वडिलांविना परमुलखात मुक्काम, हा अनुभव त्यांनी नवव्या वर्षी घेतला.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा ते युवराज होते. अवघ्या ११ दिवसांनी जिजाबाई गेल्या. संभाजी महाराजांचे शिक्षण चांगले झाले होते. राजनीतीवरील ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ त्यांच्या नावे आहे. ‘नायिकाभेद’, ‘नखशिख’ आणि ‘सातसतक’ या ब्रज भाषेतील रचनाही त्यांच्याच मानल्या जातात.

ते मोगलांकडे का गेले होते?

त्यांच्या आयुष्यातील हा सर्वात अवघड टप्पा. वारसा हक्कावरून घरात तणाव होता. सावत्र आई सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो यांच्यासारखे ज्येष्ठ कारभारी यांच्याशी युवराजांचे पटत नव्हते. डिसेंबर १६७८ मध्ये ते मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. १६७९ च्या वसंतात दिलेरखानाने भूपाळगड घेतला आणि शरण आलेल्या शेकडो लोकांचा एकेक हात तोडला. त्या वेळी संभाजी महाराज त्याच्या छावणीत होते. वर्ष संपण्याआधी ते तिथून निसटून पन्हाळ्यावर परतले. पिता-पुत्रांची भेट झाली, मात्र शिवाजी महाराजांना त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर त्यांचे निधन झाले.

छत्रपतिपद कसे मिळाले?

सहज मिळाले नाही. कारभाऱ्यांच्या एका गटाने दहा वर्षांच्या राजाराम महाराजांना गादीवर बसवले. सोयराबाईंचे सख्खे भाऊ सरसेनापती हंबीरराव मोहिते यांनी मात्र संभाजी महाराजांची बाजू घेतली आणि पारडे फिरले. जून १६८० मध्ये महाराजांनी रायगड ताब्यात घेतला आणि १६ जानेवारी १६८१ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. विरोधकांपैकी अनेकांना त्यांनी माफ करून पुन्हा पदे दिली. त्याच वर्षी त्यांना संपवण्याचा कट उघडकीस आला. तेव्हा अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी यांना मृत्युदंड देण्यात आला.

या शिक्षेचे पडसाद पुढे इतिहासलेखनातही उमटले. शतकाहून अधिक काळानंतर बखर लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस हे बाळाजी आवजींचे वंशज होते. व्यसनी, तापट, नाकर्ता राजपुत्र ही प्रतिमा याच बखरीतून नाटकांत आणि कादंबऱ्यांत उतरली. ती प्रतिमा पुसण्याचे काम वा. सी. बेंद्रे यांचे १९६० मधील चरित्र आणि त्यानंतर कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा प्रबंध यांनी केले. दोघांनीही बखरींऐवजी समकालीन कागदपत्रे पुढे ठेवली.

नऊ वर्षांच्या कारकीर्दीत काय घडले?

राज्याभिषेकानंतर पंधरवड्यातच मराठ्यांनी मोगलांचे श्रीमंत व्यापारी शहर बुऱ्हाणपूर लुटले. त्याच वर्षी औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आश्रयाला आला. बादशहा १६८१ च्या अखेरीस स्वतः दक्षिणेत उतरला तो परत न जाण्यासाठीच. नाशिकजवळचा रामसेज हा छोटा किल्ला मोगल फौजेसमोर काही वर्षे झुंजत राहिला. १६८२ मध्ये जंजिऱ्यावर मोहीम झाली. १६८३ मध्ये फोंड्यावर चालून आलेल्या पोर्तुगीजांना मागे हटावे लागले आणि मराठ्यांनी गोवा शहरासमोरचे जुवे बेट घेतले. मोगल शहजादा मोठ्या फौजेनिशी कोकणात उतरल्याने महाराजांना गोव्याची मोहीम आवरती घ्यावी लागली.

सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर आणि सप्टेंबर १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला. आता मोगलांची सारी ताकद मराठ्यांवर वळली. १६८७ च्या अखेरीस वाईजवळच्या लढाईत हंबीरराव मारले गेले. सात वर्षांपूर्वी ज्यांच्यामुळे गादी मिळाली, तो आधार अशा वेळी गेला.

महाराज कसे पकडले गेले?

१ फेब्रुवारी १६८९ रोजी कोकणात संगमेश्वर येथे. कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरून आलेल्या मुकर्रबखानाने मोजक्या स्वारांसह अचानक छापा घातला. संताजी घोरपडे यांचे वडील म्हाळोजी या झटापटीत पडले. महाराजांसोबत त्यांचे निकटचे सल्लागार कवी कलश हेही पकडले गेले. दोघांना भीमेकाठच्या पेडगाव येथे, म्हणजे बहादूरगडावर बादशहासमोर नेण्यात आले. तिथे विदूषकी टोप्या घालून, उंटावर बसवून छावणीतून त्यांची धिंड काढली गेली. किल्ले व खजिना कुठे आहे आणि मोगल सरदारांपैकी कोण फितूर आहे, हे त्यांना विचारल्याचे फारसी लेखनात येते. महाराजांनी माहिती दिली नाही, उलट बादशहाचा कठोर शब्दांत अपमान केला, यावर बहुतेक साधने एकमत आहेत. धर्म बदलल्यास जीवदान, ही अट मराठी बखरी आणि परंपरेत ठळकपणे येते.

मृत्यूबद्दल साधने काय सांगतात?

११ मार्च १६८९ ही तारीख आणि भीमा-इंद्रायणी संगमाचा परिसर यावर मोठा वाद नाही. तपशिलांत मात्र फरक आहे. मोगल दरबाराची अधिकृत हकिगत मानल्या जाणाऱ्या ‘मआसिर-ए-आलमगिरी’मध्ये महाराजांचे डोळे काढल्याचे आणि नंतर कवी कलशासह तलवारीने ठार केल्याचे नमूद आहे. सुमारे चार दशकांनी लिहिणारा खाफीखान जीभ कापणे, डोळे काढणे आणि नाना यातना देऊन मारणे असा क्रम देतो. त्याच्याच लेखनात कातडीचा उल्लेख येतो. मृत्यूनंतर दोघांच्या मस्तकांची कातडी काढून त्यात पेंढा भरला गेला आणि ताशे-कर्ण्यांच्या गजरात ती दख्खनच्या गावोगावी फिरवली गेली, असे तो सांगतो.

जिवंतपणी वाघनख्यांनी सर्वांगाची कातडी सोलली, हे वर्णन मात्र मुख्यतः नंतरच्या कथनांतून आणि लोकस्मृतीतून आले आहे. दोन्हींत भेद आहे, म्हणून छळ झालाच नाही असा अर्थ निघत नाही. डोळे काढल्याची नोंद खुद्द बादशहाच्या बाजूच्या लेखनात आहे. फरक एवढाच की, अधिकृत हकिगतीत शिक्षा थोडक्यात संपते आणि स्मृतीत ती दिवसेंदिवस चालते. पकडल्यापासून मृत्यूपर्यंतचे ३८ दिवस मात्र दोन्हीकडे तेवढेच आहेत.

कातडी काढून मिरवण्यामागे हेतू काय असे?

राजा खरोखर मेला, हे दूरच्या प्रजेला पटवणे आणि बंडाचा विचार करणाऱ्यांना धाक घालणे. दख्खनने हे आधीही पाहिले होते. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दक्षिणेत बंड करणाऱ्या आपल्याच नातलगाला, बहाउद्दीन गुर्शास्पला पकडून त्याची कातडी सोलली आणि पेंढा भरून ती राज्यभर फिरवल्याचे प्रवासी इब्न बतूताने लिहिले आहे. बळी पडणारा आणि शिक्षा देणारा एकाच घराण्याचे, एकाच धर्माचे होते. यावरून ही शिक्षा मुळात सत्तेची भाषा होती, हे लक्षात येते.

धर्म आणि कलेत ही प्रतिमा कुठे कुठे दिसते?

भारतीय परंपरेत सोललेले कातडे प्रथम आठवते ते शिवाच्या अंगावरचे. गजासुराला मारून त्याचे कातडे पांघरणारा शिव कृत्तिवास म्हणून ओळखला जातो. घारापुरी आणि वेरूळच्या लेण्यांतील अंधकासुरवधाच्या शिल्पांत शिवाच्या मागे ताणलेले हत्तीचे कातडे दिसते. इथे कातडे हे विजयाचे चिन्ह आहे. जैन कथांमधील खंधक मुनी याच्या उलट टोकाला आहेत. राजाच्या आज्ञेने कातडी सोलली जात असताना ते क्षमाभावाने स्थिर राहतात.

ग्रीक कथेत अपोलो देवाला संगीतात आव्हान देणाऱ्या मार्सियासची कातडी सोलली जाते. ख्रिस्ती परंपरेत येशूचा शिष्य बार्थोलोम्यू याला असेच मरण आले, असे मानतात. तो भारतात आल्याची जुनी आख्यायिका काही अभ्यासक कोकण किनाऱ्यावरील कल्याणशी जोडतात. मायकेलअँजेलोने १५४१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘अंतिम निवाडा’ या भित्तिचित्रात बार्थोलोम्यू स्वतःची कातडी हातात धरून बसला आहे आणि त्या कातडीवरचा चेहरा चित्रकाराचा स्वतःचा असल्याचे मानले जाते. सूफी कवी नसीमी यांना पंधराव्या शतकात अलेप्पो येथे हीच शिक्षा झाली. या कथांत एक धागा समान दिसतो. शिक्षा देणाऱ्याने ज्याला धाक म्हणून मिरवले, त्याला अनुयायांनी हौतात्म्याची खूण बनवले. संभाजी महाराजांच्या बाबतीत हेच घडले.

गुढीपाडव्याशी संबंध जोडला जातो तो खरा का?

फाल्गुन अमावास्येनंतर दुसऱ्याच दिवशी पाडवा येतो. त्यामुळे महाराजांच्या मृत्यूनंतरच गुढी उभारण्याची पद्धत सुरू झाली, असे संदेश दरवर्षी समाजमाध्यमांवर फिरतात. मात्र गुढीचे उल्लेख ज्ञानेश्वरीत आणि नंतरच्या संतवाङ्मयात आहेत. म्हणजे ती १६८९ च्या कितीतरी शतके आधीची आहे.

अंत्यसंस्कारांबाबत वाद का आहे?

बादशहाच्या भीतीने कोणी पुढे येत नसताना वढूच्या ग्रामस्थांनी देहाचे अवशेष गोळा करून अंत्यविधी केला, असे परंपरा सांगते. हे धाडस गोविंद गोपाळ महार यांनी केल्याची एक परंपरा आहे, तर गावातील शिवले घराण्याने केल्याची दुसरी. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस याच विषयावरील फलकावरून वढूत तणाव निर्माण झाला होता. त्या काळचा लेखी पुरावा तुटपुंजा असल्याने वाद मिटलेला नाही. मात्र अंत्यविधी करणे हाच गुन्हा ठरू शकत होता, त्या दिवसांत तो गावकऱ्यांनी केला, हे दोन्ही परंपरांना मान्य आहे.

धाक घालण्याचा हेतू साध्य झाला का?

सुरुवातीला तसे वाटले असावे. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैद झाले. येसूबाईंची सुटका व्हायला १७१९ साल उजाडले. पण राजाराम महाराज त्याआधीच निसटून जिंजीकडे गेले होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगल फौजांना सळो की पळो करून सोडले. रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांनी मावळ सांभाळला. पुण्याच्या पश्चिमेला आज चांदे-नांदे, पिरंगूट, पौड ही गावे ज्या मुळशी तालुक्यात येतात, त्या खोऱ्यांतून माणसे पुन्हा उभी राहिली. पौड खोऱ्यातील नावजी बलकवडे यांनी विठोजी कारके यांच्या साथीने १६९३ मध्ये सिंहगड परत जिंकला. राजाच्या मृत्यूला तेव्हा चार वर्षे झाली होती.

औरंगजेब त्यानंतरही दख्खनमध्येच लढत राहिला. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगार येथे त्याचा मृत्यू झाला आणि खुलताबादला त्याचे दफन झाले. त्याच वर्षी शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले आणि पुढे सातारा ही मराठ्यांची राजधानी झाली.