काठीचा घोडा आणि लेव्ह वायगॉट्स्की

डी.एड., बी.एड. किंवा टीईटीचा अभ्यास केलेल्या कुणालाही वायगॉट्स्की हे नाव विचारा. 'समीपस्थ विकासक्षेत्र' असं उत्तर लगेच येईल, दोन गुणांचा प्रश्न असतो ना! पण या माणसाला मानसशास्त्रात काम करायला जेमतेम दहा वर्षं मिळाली, हे पुस्तकात सहसा नसतं.

लेव्ह वायगॉट्स्की यांचा जन्म 1896 चा, आजच्या बेलारूसमधल्या ओर्शा गावचा. बालपण गोमेल शहरात गेलं. कुटुंब ज्यू होतं आणि झारच्या रशियात ज्यूंसाठी विद्यापीठात मोजक्याच जागा असत. त्यात 1913 साली नियम बदलला, या जागा गुणांवर न देता चिठ्ठ्या टाकून द्यायच्या ठरल्या. वायगॉट्स्की हुशार होते, पण मॉस्को विद्यापीठात प्रवेश मिळाला तो चिठ्ठीत नाव निघालं म्हणून. सुरुवात वैद्यकीय शिक्षणाने झाली, थोड्याच दिवसांत ते कायद्याकडे वळले. आवड मात्र साहित्य आणि नाटकाची होती.

1917 मध्ये पदवी घेऊन ते गोमेलला परतले आणि शिक्षक झाले. तिथल्या अध्यापक विद्यालयात त्यांनी मानसशास्त्राची छोटी प्रयोगशाळाही उभी केली. याच काळात त्यांना क्षयरोगाने गाठलं. त्यावर तेव्हा औषध नव्हतं.

जानेवारी 1924 मध्ये पेट्रोग्राडच्या परिषदेत या अनोळखी शिक्षकाने केलेलं भाषण इतकं गाजलं, की त्यांना थेट मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत बोलावणं आलं. तिथे अलेक्झांडर लुरिया आणि अलेक्सेई लिओन्तिएव हे सहकारी मिळाले. पुढच्याच वर्षी आजार बळावला आणि प्रबंधाला मान्यता मिळाली ती तोंडी परीक्षेशिवाय. 1926 मध्ये काही महिने रुग्णालयात काढावे लागले, तर तिथेही मानसशास्त्राच्या मूलभूत गोंधळावर लिखाण चालू!

खेळाबद्दलचं त्यांचं प्रसिद्ध व्याख्यान 1933 चं, लेनिनग्राडच्या हर्झेन अध्यापन संस्थेतलं. खेळ म्हणजे मोकाट मजा, असं आपण धरून चालतो. वायगॉट्स्की म्हणतात, खेळात मूल उलट स्वतःला आवरतं. शर्यतीत पळायची कितीही घाई असली तरी इशारा होईपर्यंत ते रेषेवर थांबतं. खेळात गोळीला 'न खायची वस्तू' ठरवलं, तर हातात खरी गोळी असूनही ते खात नाही. एरवी आईने सांगून जे जमत नाही, ते इथे जमतं, कारण नियम पाळण्यातच गंमत असते.

दुसरा मुद्दा काठीच्या घोड्याचा. तान्ह्या वयात वस्तू आणि तिचा अर्थ एकमेकांना चिकटलेले असतात. मूल काठीवर स्वार होतं तेव्हा 'घोडा' हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सुटतो आणि काठीवर येऊन बसतो. मात्र वाटेल ती वस्तू घोडा होत नाही, टांग टाकता आली पाहिजे. पोस्टकार्डाचा घोडा होणार नाही. कागदावरच्या खुणेत शब्द पाहणं, म्हणजेच लिहिणं, याचीही मुळं ते अशाच खेळात शोधतात. मूल एकट्याने जे करू शकतं आणि मदतीने जे करू शकतं, त्यांतलं अंतर म्हणजे ते परीक्षेतलं विकासक्षेत्र. खेळ ते तयार करतो, असा त्यांचा दावा होता. आपल्याकडे ही व्याख्या पाठ होते आणि खेळाचा भाग राहून जातो, हे जरा विचित्रच.

11 जून 1934 रोजी, वयाच्या 37 व्या वर्षी, क्षयानेच त्यांचा मृत्यू झाला. 'विचार आणि भाषा' हे मुख्य पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्या मागे छापून आलं. दोन वर्षांत सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने 'पेडॉलॉजी' या बालअभ्यासाच्या शाखेवरच बंदी घातली आणि वायगॉट्स्कींची पुस्तकंही बाजूला पडली. 1956 मध्ये लेखन पुन्हा छापायला सुरुवात झाली, 1962 मध्ये मुख्य पुस्तकाचं संक्षिप्त इंग्रजी भाषांतर अमेरिकेत आलं. खेळावरच्या त्या व्याख्यानाची लघुलिपीत घेतलेली नोंद मात्र 1966 पर्यंत छापली गेली नव्हती.