कुलपे घडविणाऱ्याचा मुलगा : गेऑर्ग ओहम

कडावच्या परिसरात वाढलेल्या मुलाला विजेचे मनोरे नवे नसतात. याच कर्जत तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी भिवपुरीचे वीजगृह १९२२ पासून उभे आहे. शेजारच्या खालापूर तालुक्यातील खोपोलीचे तर त्याहून जुने, १९१५ चे. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी लोखंडी नळांतून खाली येते, जनित्रे फिरवते आणि वीज तारांवरून मुंबईकडे जाते. त्या तारांतून किती धारा वाहावी, वाटेत किती शक्ती वाया जाईल, हा हिशेब ज्याच्या नियमाने करतात, तो मनुष्य आयुष्याचा मोठा काळ शाळामास्तर होता. इतिहासाच्या शिक्षकाने पदार्थविज्ञानातील माणसाचे चरित्र लिहावे, याला एवढे निमित्त पुरे.

गेऑर्ग सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील योहान कुलपे घडविणारे कारागीर, आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तिघेच जगले. गेऑर्ग दहा वर्षांचे असताना आई गेली. योहान यांना रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. मात्र स्वतःच्या प्रयत्नाने त्यांनी गणित आणि विज्ञान इतके आत्मसात केले होते की दोन्ही मुलांना तेच शिकवीत. धाकटा मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. गेऑर्ग यांच्या हाती वडिलांचे दुहेरी धन आले : गणित आणि धातू घडविण्याचे कसब. या दुसऱ्या धनाचे मोल चरित्रकार सहसा कमी लेखतात, असे मला वाटते.

१८०५ मध्ये ते विद्यापीठात गेले आणि नृत्य, बिलियर्ड, बर्फावरची घसरण यांत रमले. वडील संतापले. आपल्याला जे मिळाले नाही ते मुलगा उधळतो आहे, हे त्यांना सहन होईना. तीन सत्रांनंतर विद्यापीठ सुटले आणि मुलगा स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागला. पुढे स्वतःच्या अभ्यासावर परतून १८११ मध्ये त्यांनी एर्लांगेनहून डॉक्टरेट मिळविली. तरी पोटापुरते वेतन देणारी जागा मिळेना. बांबेर्गच्या सामान्य शाळेत काही वर्षे गेली. तीही शाळा बंद पडली. अखेर १८१७ मध्ये कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञानाचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. तेथे प्रयोगशाळा होती. शिकविण्याचे तास संपले की ओहम तिच्यात शिरत.

तार लांब केली की तिच्यातील विद्युतधारा नेमकी कशी घटते, हा त्यांचा प्रश्न होता. १८२५ मध्ये त्यांनी एक सूत्र छापले, ते चुकीचे निघाले. त्या काळच्या रासायनिक घटांचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत असे. मोजमाप स्थिर राहणार तरी कसे? पोगेनडोर्फ या संपादकाने सुचविले की तांबे व बिस्मथ यांच्या सांध्यांतील तापमानाच्या फरकातून वीज घ्यावी. ओहम यांनी एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळतो आहे तोवर तापमानाचा फरक हलत नाही, म्हणून विजेचा जोरही हलत नाही. मग सारख्याच जाडीच्या, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तारा एकेक करून जोडल्या आणि टांगलेली चुंबकसूची किती वळते ते टिपले. उपकरण त्यांनी स्वतः घडविले होते. कुलूपकाराची बोटे येथे कामी आली.

१८२६ मधील या मोजणीतून नियम उभा राहिला. तापमान न बदलता वाहकाच्या टोकांमधील विभवांतर दुप्पट केले तर धाराही दुप्पट होते. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. २३० व्होल्टवर एखादी इस्त्री ५ अँपिअर धारा घेत असेल, तर तिचा रोध ४६ ओहम. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे शक्ती : ११५० वॅट. आज दहावीचा विद्यार्थी हे वहीच्या कडेला सोडवितो.

१८२७ मध्ये ग्रंथ निघाला आणि उपेक्षा वाट्याला आली. निसर्गाचे रहस्य शुद्ध चिंतनाने उकलते, असे मानणाऱ्यांचा तेव्हा जर्मन विद्वानांवर पगडा होता; तारा मोजत बसणे त्यांना हलके वाटे. हाताच्या कामाकडे पाहण्याची ही नजर आपल्याला अनोळखी नाही. मात्र सगळा दोष त्यांच्याच माथी मारता येणार नाही. ओहम यांनी ग्रंथात गणितालाच पुढे केले, प्रयोगांना फारसे स्थान दिले नाही. विद्यापीठातील जागेची आशा मावळली, तेव्हा १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरीही सोडली. पुढची पाच वर्षे बर्लिनमध्ये तुटपुंज्या वेतनावर गणिताचे तास घेण्यात गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयाने त्यांना आधार दिला.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले. मायदेशाआधी परदेशाने ओळखले! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जूल यांनी दाखविले की तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. खोपोलीची वीज १९१५ मध्ये एक लाख व्होल्टच्या दाबाने मुंबईकडे का निघाली, याचे उत्तर या दोघांच्या हिशेबात आहे. समजा, एक कोटी वॅट पाठवायचे आहेत आणि तारेचा रोध ५ ओहम आहे. दहा हजार व्होल्टवर धारा १००० अँपिअर होते आणि ५० लाख वॅट, म्हणजे निम्मी वीज, वाटेतच उष्णता होऊन जाते. दाब एक लाख व्होल्ट केला की धारा १०० अँपिअरवर येते आणि नुकसान अवघे ५० हजार वॅट. तार तीच, रोध तोच.

म्यूनिकमध्ये पदार्थविज्ञानाचे अध्यासन ओहम यांना मिळाले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. तरुणपणापासून मागितलेली ती जागा त्यांना दोनच वर्षे लाभली. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिसला जमलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्ट आणि अँपिअर यांच्याबरोबर रोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले.